दारे उघडली; आता खिडक्यांचे बघू

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्क ऐच्छिक झाला. मंडईत कडुनिंबाचे डहाळे, साखरेच्या गाठी आणि झेंडू घ्यायला आलेल्यांचे चेहरे कितीतरी दिवसांनी पूर्ण दिसले. योगायोग असा, की २०२० मधला पाडवा २५ मार्चला होता आणि तो देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता. मधला पाडवा दुसऱ्या लाटेत गेला. एका पाडव्याला बंद झालेली दारे अशी तिसऱ्या पाडव्याला उघडली.

१० एप्रिल २०२२ ला रामनवमी होती. मंडईला लागून असलेल्या तुळशीबागेतील राममंदिरात दुपारी बाराला रामजन्म, मग पाळणा, मग सुंठवडा. त्याच दिवशी ख्रिस्ती बांधवांचा झावळ्यांचा रविवारही होता. मंडईपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, गुरुवार पेठेत, पंच हौदाचे पवित्र नाम देवालय आहे. अशा प्रत्येक चर्चमध्ये त्या दिवसापासून पवित्र सप्ताह सुरू झाला. गुरुवारी प्रभुभोजनाची आठवण, शुक्रवारी गुड फ्रायडे, पुढच्या रविवारी, १७ तारखेला, ईस्टर. रमजान महिना सुरूच होता. गुरुवारी महावीर जयंती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, शनिवारी हनुमान जयंती. दोन वर्षे दाबून ठेवलेली गर्दी एकाच आठवड्यात पेठांमध्ये उतरणार होती.

निर्बंध उठवणे हे शासनाचे काम होते, ते झाले. मग दाराशी बसलेला तापमापक काढायचा का, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन पुन्हा सुरू करायचे का, आरती आणि गीते खुल्या गळ्याने म्हणायची का, तीर्थ हातावर घालायचे का, हे शासन सांगणार नव्हते. ते ठरवायचे होते पाळकांनी, विश्वस्तांनी आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी. अशा बैठकांत बहुधा दोन टोके दिसतात. एकाला वाटते, आता सगळे संपले, सगळे काढून टाका. दुसऱ्याला वाटते, काहीच काढू नका. दोघांनाही एक गोष्ट तपासावी लागणार होती: आधीच्या दोन वर्षांतल्या उपायांपैकी कोणते खरोखर विषाणूच्या वाटेत उभे होते, आणि कोणते नुसतेच दाराशी उभे होते.

वाट ओळखण्यात झालेली चूक

ही चूक पुण्याने आधीही पाहिली आहे. १८९७ मध्ये पेठांमध्ये प्लेग पसरला तेव्हा रोगाचा जंतू माहीत झालेला होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हते. प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या हाताखालचे सैनिक घराघरांत शिरले, देवघरांपर्यंत गेले, सामान बाहेर काढून जाळले, जमिनी धुतल्या. त्यातून उसळलेला संताप २२ जून १८९७ च्या रात्री गोळीच्या रूपाने बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले, की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो. म्हणजे सैनिक माणसे आणि भांडीकुंडी तपासत असताना खरा वाहक भिंतीच्या बिळातून ये-जा करत होता. उपाय कडक होते, पण वाट चुकलेले होते. प्लेग पुढे कित्येक वर्षे पुण्यात येत राहिला.

त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ११ एप्रिलला महात्मा फुले यांची जयंती असते. मंडईची इमारत १८८६ मध्ये उभी राहिली. या बांधकामावर इतका पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असे जोतीराव नगरपालिकेत म्हणाले होते. आज ती मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. साथीच्या बाबतीतही खर्च कशावर करायचा, हाच प्रश्न असतो.

२०२० मध्ये काहीसे तसेच झाले. विषाणू काही आठवड्यांत ओळखला गेला, त्याची जनुकीय रचना जगासमोर आली. पण तो मुख्यतः हातांवरून आणि वस्तूंवरून पसरतो, या समजुतीवर पहिल्या वर्षातले बरेच उपाय उभे राहिले. भाज्या साबणाने धुतल्या गेल्या, नोटांना इस्त्री झाली, देवळांच्या पायऱ्यांवर औषध फवारले गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १० हजारांत १ पेक्षाही कमी आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या माहितीत स्पष्ट केले, की बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत हा विषाणू हवेतून पसरू शकतो. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने तर खिडक्या आणि पंखे कसे लावावेत याच्या आकृत्याच प्रसिद्ध केल्या. मोठे तुषार दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे त्यात म्हटले होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी धार्मिक स्थळांसाठी नियमावली काढली होती. मूर्तीला आणि ग्रंथांना हात लावू नये, प्रसाद देऊ नये, तीर्थ शिंपडू नये, गायकवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित गाणी लावावीत, सहा फुटांचे अंतर ठेवावे, अशी ती लांबलचक यादी. त्यात वातानुकूलन यंत्राचे तापमान किती ठेवावे, हे सांगणाऱ्या कलमाच्या शेवटी एक वाक्य होते: हवा पुरेशी खेळती असावी. आज मागे वळून पाहिले तर सगळ्यात महत्त्वाचे वाक्य सगळ्यात अडगळीत होते.

एका गायनाच्या तालमीचा धडा

१० मार्च २०२० ची संध्याकाळ. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट जिल्ह्यात एका हौशी गायकवृंदाची चर्चच्या सभागृहात तालीम होती. साथीच्या बातम्या येऊ लागल्या होत्या, म्हणून गळाभेटी टाळल्या गेल्या, हातांना जंतुनाशक लावले गेले. एकूण ६१ जण अडीच तास गायले. त्यांतल्या एकाला सर्दी-खोकल्याची लक्षणे होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले. त्यांतल्या ३३ जणांचा संसर्ग चाचणीने सिद्ध झाला आणि २० जणांचा संभाव्य धरला गेला. दोघांचा मृत्यू झाला.

हात स्वच्छ होते, हवा स्वच्छ नव्हती. जोरात बोलताना आणि गाताना तोंडातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची संख्या शांत श्वासापेक्षा कितीतरी पट वाढते. आवाज जितका मोठा तितके कण जास्त. हे स्तोत्राला लागू आहे, तसेच आरतीला, भजनाला आणि घोषणांनाही. विषाणूला शब्द कोणते आहेत हे कळत नाही. त्याला कळतो तो आवाजाचा जोर, खोलीचा आकार आणि किती वेळ बसलो तो वेळ.

म्हणून मंडईसमोरचा मांडव आणि बंद सभागृह यांना एकच नियम लावता येत नाही. तीन बाजूंनी उघड्या मांडवात आरती झाली तर उच्छ्वास वाऱ्याबरोबर विरून जातो. तेच पन्नास लोक वातानुकूलित, खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये तासभर गायले, तर शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या वाट्यालाही पहिल्या रांगेचा श्वास येतो, मग मध्ये सहा फुटांचे वर्तुळ आखलेले असो वा नसो.

जुन्या इमारतींचे शहाणपण

एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. पंच हौदाचे देवालय आणि मंडई या दोन्ही इमारती १८८० च्या दशकात, एक-दोन वर्षांच्या अंतराने उभ्या राहिल्या. त्या काळच्या बांधणाऱ्यांच्या मनावर 'दूषित हवेने रोग होतात' या सिद्धांताचा पगडा होता. जंतूंचा शोध तेव्हा नुकता लागत होता. दूषित हवेचा तो सिद्धांत पुढे खोटा ठरला, पण त्याच्या भीतीने बांधलेली उंच छते, वरचे झरोके आणि समोरासमोरच्या कमानी मात्र आजही उपयोगी आहेत. गरम उच्छ्वास वर जातो आणि वाट मिळाली तर बाहेर पडतो.

अडचण अशी, की अशा इमारतींच्या वरच्या खिडक्या कित्येक ठिकाणी कबुतरांमुळे, धुळीमुळे किंवा रस्त्याच्या आवाजामुळे कायमच्या बंद केलेल्या असतात. नव्या सभागृहांत तर छत बुटके आणि काचा पक्क्या बसवलेल्या असतात. उंच छतही एकटे पुरे पडत नाही. मोठ्या जागेत कणांची दाटी व्हायला वेळ लागतो इतकेच. दोन तासांच्या उपासनेत तीही भरून येते. छतावरचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. हवा बदलायची तर एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, अशी वाट हवी. खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेला एखादा साधा पंखाही हे काम बऱ्यापैकी करतो.

हवा पुरेशी बदलते की नाही, हे मोजताही येते. बाहेरच्या हवेत कर्बवायूचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असते. माणसाच्या उच्छ्वासात ते सुमारे ४० हजार असते. भरलेल्या सभागृहात मापक १,२२० दाखवत असेल, तर वाढलेले ८०० भाग लोकांच्या उच्छ्वासातून आलेले. म्हणजे तिथे घेतलेल्या प्रत्येक पन्नास श्वासांतला एक श्वास दुसऱ्या कुणीतरी आधीच घेऊन सोडलेला असतो. हा आकडा ८०० ते १,००० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा. असे मापक काही हजार रुपयांत मिळते. दाराशी कपाळावर रोखायच्या तापमापकापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतील.

काय काढावे, काय ठेवावे

तापमापक आधी काढावा. कोरोनाची लागण झालेल्या अनेकांना ताप येतच नाही, आणि ज्यांना येतो ते ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतात. दाराशी 'ठीक आहे, जा' असे ऐकल्यावर उलट खोटा धीर येतो. माणसांवर जंतुनाशक फवारणे तर कधीच योग्य नव्हते. डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्याचा त्रासच होतो. दर तासाला कठडे पुसण्याचीही गरज नाही. रोजची नेहमीची स्वच्छता पुरे. मोकळ्या आवारातली वर्तुळेही पुसली गेली तरी हरकत नाही.

हात धुण्याची सोय मात्र काढू नये. कोरोनासाठी तिचे महत्त्व पूर्वी वाटले होते तितके नसेल, पण एप्रिल-मे हे पुण्यात जुलाब, उलट्या, विषमज्वर आणि कावीळ यांचे महिने असतात. सुंठवडा, पन्हे, सरबत वाटणाऱ्या हातांना साबण लागलेला असणे ही कोरोनाच्या आधीही गरज होती आणि नंतरही राहील. तीर्थाचे किंवा चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पवित्र पाण्याचे भांडे पुन्हा भरायचे असेल तर पाणी रोज बदलावे, भांडे घासून कोरडे करावे. सगळ्यांनी बोटे बुडवण्याऐवजी पळीने हातावर घालावे.

चर्चपुढचा सर्वांत नाजूक प्रश्न प्रभुभोजनाच्या सामायिक प्याल्याचा. इंग्लंडच्या चर्चने मार्च २०२० मध्येच तो थांबवला होता आणि इतरत्रही वेगवेगळ्या वाटा शोधल्या गेल्या. याबद्दलचे विज्ञान दोन्ही बाजूंना थोडा दिलासा देणारे आहे. प्याल्याच्या कडेवर जंतू सापडतात, हे प्रयोगांत दिसले आहे. द्राक्षारसातला मद्यार्क आणि धातूचा प्याला त्यांना नाहीसे करत नाहीत. कड पुसून प्याला फिरवल्याने संख्या कमी होते, शून्य होत नाही. दुसरीकडे, शंभराहून अधिक वर्षे या विषयावर चर्चा होऊनही सामायिक प्याल्यातून एखादी साथ पसरल्याचे सिद्ध झालेले उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात नाही. म्हणजे धोका लहान आहे, पण तो नाही असे म्हणता येत नाही. भाकर प्याल्यात बुडवून घेणे अनेकांना सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ओठांपेक्षा बोटे स्वच्छ असतीलच असे नाही. वेगवेगळ्या छोट्या पेल्या वापरणे किंवा ज्यांना नको त्यांनी केवळ भाकर घेणे, हे सोपे मार्ग आहेत. ज्याला खोकला-सर्दी आहे त्याने प्याला पुढे जाऊ द्यावा आणि त्याबद्दल कुणी त्याच्याकडे वळून पाहू नये.

गाणे परत यायलाच हवे. गाण्याशिवायची उपासना लोकांनी दोन वर्षे सोसली. फक्त गाणाऱ्यांच्या जागी हवा वाहती ठेवावी, गायकवृंद खिडक्यांजवळ बसवावा, लांबलचक तालमी बंद खोलीऐवजी आवारात घ्याव्यात.

सरासरी माणूस आणि समोरचा माणूस

एप्रिल २०२२ मध्ये आकडे दिलासा देणारे होते. त्या वर्षी जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेत राज्यात एका दिवसात ४० हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. एप्रिलमध्ये तो आकडा दोनशेच्याही खाली होता. पुण्यात तर पहिल्या लाटेतच मोठी लागण होऊन गेली होती. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातल्या पाच प्रभागांत झालेल्या रक्ततपासणीत ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती, आणि लोहियानगर-कासेवाडीच्या दाट वस्तीत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या घरात होते. त्यावर लसीकरण झाले. त्यामुळे निर्बंध उठवण्याला आधार होता.

पण शासनाचा निर्णय सरासरी माणसासाठी असतो, आणि सकाळच्या उपासनेला सरासरी माणूस येत नाही. पहिल्या बाकांवर कोण बसते, रामजन्माला दोन तास आधी येऊन खांबाला टेकून कोण बसते, हे प्रत्येक विश्वस्ताला माहीत आहे. सत्तरी-ऐंशीतले आजी-आजोबा, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, कुणी मूत्रपिंडाचे रोपण झालेले, कुणी कर्करोगाची औषधे चालू असलेले. या मंडळींना लस घेऊनही पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असे नसते आणि आलेली लवकर ओसरते.

हाँगकाँगचे उदाहरण तेव्हा ताजे होते. दोन वर्षे त्या शहराने साथ जवळजवळ बाहेर ठेवली. मग ओमायक्रॉन आला आणि फेब्रुवारी-मार्च २०२२ या दोन महिन्यांत सात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुसंख्य वृद्ध होते आणि त्यांच्यात लस न घेतलेल्यांचे प्रमाण फार मोठे होते. 'सौम्य' म्हटला जाणारा विषाणू कुणासाठी सौम्य, हे त्या शहराने दाखवले.

तेव्हा त्या आठवड्यात सर्वांत मोलाचे काम दाराशी नव्हे, घरी करायचे होते. साठीपुढच्यांना वर्धक डोस सरकारी केंद्रांवर मोफत मिळत होता आणि १६ मार्च २०२२ पासून त्यासाठी सहव्याधीची अटही राहिलेली नव्हती. दुसऱ्या डोसाला नऊ महिने झालेल्यांना तो तेव्हा घेता येत होता. १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरील इतरांनाही खासगी केंद्रांत हा डोस विकत मिळू लागला होता. चर्चच्या सूचनाफलकावर, देवळाच्या पाटीवर, मशिदीतल्या घोषणेत आलेली ही एक ओळ कित्येक जंतुनाशकाच्या बाटल्यांपेक्षा जास्त जीव वाचवणारी होती. ज्यांना धोका अधिक आहे त्यांनी गर्दीत एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा. आजूबाजूच्यांनी घातला नसला तरी तो घालणाऱ्याचे बऱ्यापैकी रक्षण करतो.

बंदीचीही किंमत होती

सावधगिरीच्या बाजूने बोलताना एक गोष्ट विसरून चालत नाही. बंद दारांनीही माणसांचे नुकसान केले आहे. अंत्यविधीला वीसच माणसे, हा नियम साथीच्या दृष्टीने समजण्यासारखा होता. पण ज्यांच्या घरातले माणूस त्या काळात गेले, त्यांचे दुःख अर्धवट राहिले. एकटी राहणारी कितीतरी वृद्ध माणसे आठवड्यातून एकदा चार ओळखीचे चेहरे पाहत ती देवळात किंवा चर्चमध्येच. तेही थांबले. एकटेपणा हा केवळ मनाचा विषय नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांनुसार एकटेपणाने अकाली मृत्यूचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. म्हणून दारे उघडणे ही आरोग्याशी केलेली तडजोड नव्हे. तोही आरोग्याचाच उपाय आहे. नीट उघडली तर.

याच कारणासाठी दुरून दर्शनाची आणि दुरून उपासनेची सोय एवढ्यात बंद करू नये. टाळेबंदीत नाइलाजाने सुरू झालेले हे प्रक्षेपण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे देवळाशी असलेले नाते टिकवून आहे. शिवाय, 'सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा' हा सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात कठीण नियम त्यामुळे पाळता येतो. घरी थांबणे म्हणजे उपासना चुकणे नव्हे, असे एकदा जाहीरपणे सांगितले गेले, की लोक खोकला दडवून येत नाहीत.

विटाळ नव्हे, संसर्ग

पंच हौदाचे नाव पुण्याच्या इतिहासात एका चहाच्या पेल्यामुळेही कोरले गेले आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर प्रतिष्ठितांपुढे चहा ठेवला गेला. नंतर नावे छापून आली आणि त्यावरून शहरात ग्रामण्य उभे राहिले. कोणाच्या हातचे प्यायले, यावरून माणसे वाळीत टाकायची ती रीत होती.

संसर्गाची भाषा नकळत विटाळाच्या भाषेत घसरते, हे साथीच्या त्या दोन वर्षांतही दिसले. बरे होऊन आलेल्यांना सोसायटीत दार लावून घेतले गेले, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना घर सोडायला सांगितले गेले. दोन्हींत फरक स्पष्ट आहे. विटाळ माणसाला चिकटवला जातो आणि कायमचा राहतो. संसर्ग हा काही दिवसांचा असतो आणि हवा, अंतर, वेळ बदलली की त्याचा धोका बदलतो. म्हणून मास्क लावून आलेल्याची थट्टा नको आणि न लावून आलेल्यावर वटारलेले डोळेही नकोत. दोन-चार बाके खिडकीजवळ, मोकळी ठेवून, 'ज्यांना अंतर हवे त्यांच्यासाठी' अशी पाटी लावली, तर भांडण न होता दोघांचीही सोय होते.

क्रमाने, आणि परतीची वाट ठेवून

सगळे उपाय एकाच रविवारी काढू नयेत, याला कारण आहे. औषधांचे डोस कमी करताना डॉक्टर एका वेळी एकच औषध कमी करतात. त्रास झाला तर कशामुळे झाला, हे कळावे म्हणून. इथेही आधी अंतर, मग गायन, मग सामायिक प्याला किंवा प्रसाद, अशा पायऱ्या ठेवाव्यात आणि प्रत्येक पायरीनंतर दोन आठवडे थांबावे. संसर्ग झाला असेल तर तो एवढ्या काळात दिसतो. येणाऱ्यांपैकी कुणी आजारी पडले तर कळवावे, नाव जाहीर होणार नाही, एवढा विश्वास मात्र हवा. रँडच्या प्लेग समितीकडे अधिकार होते, सैनिक होते. नव्हता तो विश्वास. त्यामुळे लोकांनी रुग्ण लपवले.

आणि आकडे पुन्हा चढले तर काय करायचे, हे आज शांतपणे ठरवून लिहून ठेवावे. भर लाटेत बैठक घेतली की भीती निर्णय घेते. शहरातले रुग्ण सलग दोन आठवडे वाढत असतील तर मास्क परत, गायन बाहेर, उपासनेचा वेळ कमी, असा साधा आराखडा एका पानावर मावतो. नवे उपप्रकार येतच राहणार आहेत. प्लेगसारखा हाही पाहुणा एका फेरीत जाणारा नाही.

ईस्टरची उपासना पुष्कळ ठिकाणी भल्या पहाटे, मोकळ्या आवारात होते. जिथे तशी रीत नाही तिथे ती सुरू करायला हरकत नाही. पुण्यातली एप्रिलची पहाट त्यासाठी पुरेशी गार असते. आत बसायचेच असेल तर पहिली घंटा होण्याच्या अर्धा तास आधी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडलेल्या असाव्यात आणि लोक गेल्यावरही अर्धा तास तशाच राहाव्यात. देवळातही तेच, मंडळाच्या कार्यालयातही तेच. फक्त हे काम 'कुणीतरी करील' यावर सोडू नये. दिवा कोण लावणार, घंटा कोण वाजवणार, हे जसे ठरलेले असते, तसे खिडक्या कोण उघडणार, हेही त्याच यादीत लिहावे.